लिटरला बारा

शनिवारी सकाळी अकरा वाजता भंगारवाला येऊन आमची गाडी ओढून नेणार होता, आणि त्याला कारण मी होते. हे घरात फक्त मलाच माहीत होतं.

गाडी म्हणजे दोन सीटची, कापडी टपाची, जमिनीला चिकटलेली लाल स्पोर्ट्स कार. ह्यांनी ती जुनीच घेतली आणि सव्वीस वर्षं चालवली. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या सव्वीस वर्षांत मला एकदाही चालवायला दिली नाही. ‘क्लच जड आहे, तुला झेपायचा नाही,’ हे ठरलेलं उत्तर. आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला हे, मागे डोळ्याला भिंग लावून दुरुस्ती करायला मी. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू मला झेपत होते, क्लच तेवढा झेपत नव्हता!

दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि गाडी मुलाच्या ताब्यात आली. तो विमा कंपनीत हिशेब बघतो. घरातही त्याचं तेच चालतं. दर रविवारी तो गाडी चोवीस किलोमीटर फिरवून आणायचा, मोजून चोवीस. महिन्याच्या एक तारखेला टाकी काठोकाठ भरायची, मीटरवरचे किलोमीटर लिहायचे, भागाकार करायचा. उत्तर नेहमी बारा यायचं. लिटरला बारा. त्या वयाच्या गाडीला ते शोभेलसंच होतं.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला लख्ख दिसायला लागलं. इतकं लख्ख, की घरातल्या चार भिंतींवरचे सगळे पोपडे दिसायला लागले. मी मुलगा ऑफिसला गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागले. अडुसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं, पहिल्या फटक्यात. गाडीची दुसरी किल्ली घड्याळांना चावी द्यायच्या किल्ल्यांच्या खणात होती. तिथे कोण बघतंय?

पण मुलगा मीटर लिहून ठेवतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी डॅशबोर्डखाली हात घातला आणि मीटरच्या मागची केबल सोडवली. ती हाताने फिरवायच्या साध्या चकतीने बसवलेली असते, दोन मिनिटांचं काम. काटा शून्यावर, आकडे जागच्या जागी. मी धरणाच्या रस्त्याने जाऊन यायचे आणि केबल पुन्हा जोडून ठेवायचे. कोणाला पत्ता नाही.

आता माझी अक्कल बघा. मीटरचा बंदोबस्त केला आणि पेट्रोल साफ विसरले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. घड्याळाला चावी देतात, त्यात पेट्रोल कुठे ओततात?

पहिल्या महिन्यात मुलाचा भागाकार साडेआठ आला. त्याने कार्बोरेटर साफ करून घेतला. पुढच्या महिन्यात साडेपाच. त्याने प्लग बदलले, पेट्रोलची नळी बदलली, मेकॅनिकला घरी बोलावलं. मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ मान हलवली आणि इंजिन उघडावं लागेल म्हणाला. खर्चाचा आकडा ऐकून मुलगा मटकन खाली बसला. विमा, टायर, टपाचं नवं कापड, कार्बोरेटर, प्लग आणि वर हे इंजिन. रात्री त्याने माझ्यासमोर सगळा पाढा वाचला.

‘हा पांढरा हत्ती आता पोसवत नाही, आई. इंजिनच गेलंय म्हटल्यावर कोणी धड गिऱ्हाईक मिळायचं नाही. सुटे भाग काढून विकणारा एक जण आहे, तो घेतोय.’

सुटे भाग! धडधाकट गाडी माझ्या खोटेपणापायी कापली जाणार होती. तरीही मी गप्प बसले, आणि ते मुलाच्या भीतीने नाही. त्याच्या नाकावरच्या रागाला मी कधीच भीक घातलेली नाही. मला लाज वाटत होती. उभ्या आयुष्यात मी एकही काटा खोटा फिरवला नव्हता. गिऱ्हाइकाचं घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट मागे पडत असेल, तर तसं तोंडावर सांगून परत केलं होतं. आणि म्हातारपणी घरच्याच मीटरची केबल काढली.

शनिवारी साडेदहाला मुलगा टेबलावर गाडीचे कागद लावत बसला होता. मी खणातून दुकानाचं जुनं रजिस्टर काढलं आणि त्याच्या पुढ्यात आपटलं.

‘इंजिन ठणठणीत आहे. मीच गाडी चालवत होते. मीटरची केबल काढून.’

तो एकदम उसळला. ‘आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय!’

‘म्हणून तर दिसतं.’

‘लायसन्स?’

‘आहे.’

‘कुठे जायचीस?’

‘धरणापर्यंत. आणि परत.’

‘कशाला?’

‘कशाला म्हणजे? गाडी चालवायला!’ आता माझाही पारा चढला. ‘आधी हिशेब कर. रस्त्यावरच्या दगडांवरून अंतर मोजलंय मी. जाऊन येऊन अडतीस. मीटर बंद ठेवला, पण नोंद चुकवलेली नाही. गेल्या महिन्यात तीन फेऱ्या.’

त्याने कॅल्क्युलेटरही घेतला नाही. अडतीस त्रिक एकशे चौदा, त्यात रविवारचे शहाण्णव. दोनशे दहा किलोमीटर, साडेसतरा लिटर. कागदाच्या कोपऱ्यात त्याने भागाकार मांडला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. बारा.

‘बारा,’ तो म्हणाला. मग माझ्याच पोटचा असल्यामुळे लगेच पुढे म्हणाला, ‘पण बारा असलं तरी परवडत नाहीच, आई. विमा आहे, टायर आहेत.’

‘नाहीच परवडत. तुझ्या बाबांना तरी कुठे परवडत होती? मी पुन्हा दुरुस्त्या घ्यायला लागते. निम्मा खर्च माझा. आणि किल्ली उघड्यावर राहील, त्या खिळ्याला.’

बाहेर भंगारवाल्याच्या ट्रकने हॉर्न दिला. मुलगा उठला नाही. तो रजिस्टर वाचत होता. आमच्या रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकाचं नाव, तक्रार आणि मजुरी असे रकाने छापलेले आहेत. मी सवयीने त्यांत लिहिलं होतं, आणि तो काय वाचतोय हे लक्षात आल्यावर ते त्याच्या हातातून ओढून घ्यावंसं वाटलं. नावाच्या रकान्यात ‘स्वतः’. तक्रारीच्या रकान्यात पहिल्या फेरीला ‘घरात बसून जीव आंबला’. दुसऱ्या फेरीला ‘ह्यांची फार आठवण येते’. तिसरीला ‘ह्यांचा फार राग येतो’. चौथीला ‘तक्रार नाही’. मजुरीचे रकाने कोरे होते.

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. मुलाने रजिस्टर मिटलं, नाक ओढलं आणि बाहेर गेला. भंगारवाल्याचा आवाज चढलेला मला आतून ऐकू आला. मुलाचा आवाज चढला नाही. त्याने ट्रकच्या फेरीचे पैसे दिले आणि ट्रक रिकामा परत गेला.

मी किल्ली घेऊन अंगणात आले. दार उघडून आत वाकले आणि त्याच्यादेखत केबल चाचपली. घट्ट होती. मग टप मागे सारला आणि स्टीअरिंगसमोर बसले. तो शेजारच्या सीटवर बसायला लागला. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला तो. गुडघे हनुवटीला लागले.

‘इथे पाय ठेवायचे तरी कुठे?’

‘सव्वीस वर्षं मी ठेवले तिथेच,’ मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

फाटकाबाहेर पडल्यावर तो पुढे झुकून मीटरकडे बघायला लागला. शेवटचा आकडा सावकाश वर सरकत होता.

‘क्लच जड आहे ना गं?’ त्याने विचारलं.

‘अजिबात नाही,’ मी म्हटलं, आणि माझे डोळे भरून आले.