कॉलरचे चौतीस सेकंद

शिवणाचे सेकंद मोजणारा घड्याळवाला आला की कॉलरला पुरते साठ सेकंद लावायचे, कुणीही भराभर हात चालवायचा नाही, असं कारखान्यातल्या शिलाई-लाइनच्या बायकांनी सकाळीच ठरवलं होतं. तो लिहून नेईल त्या आकड्यावर परदेशातले साहेब शर्टाचा भाव पाडणार आणि तोच आकडा रोज लाइनच्या मानगुटीवर बसणार. त्या साहेबांना आपला देश नकाशात सापडायचा नाही, पण आपले सेकंद तोंडपाठ!

लाइनमधल्या सगळ्यात चपळ बाईला सगळे तुफान म्हणत. तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ बसे. जावेचं मनगट सुजलेलं, साठच्या खाली तिची कॉलर उतरत नव्हती आणि मागे पडणारीला घरी बसवायला सुपरवायझर टपलेलाच होता.

घड्याळवाल्याने तुफानचे साठ सेकंद मोजले आणि तिच्यासमोर फोनवरचा व्हिडिओ धरला.

"हे बघा बाई. तुमच्याहून गरीब देश. पोरगी अडतीस सेकंदांत शिवते."

"शिवण कच्ची असेल."

"जाऊबाई, गप बसा ना," जाऊ पुटपुटली.

"शिवण पक्की आहे. हातच तसे आहेत तिचे," तो हसला.

तुफानचं डोकं सटकलं. कापड ओढलं, पाय दाबला, टोक वळवलं, दोरा कापला. "घ्या!"

चौतीस. त्याने सगळं फोनमध्ये टिपलं होतं. सुपरवायझर आकडा लिहायला फळ्याकडे धावला. जाऊ मनगट चोळत राहिली.

तुफानने त्या मनगटाकडे पाहिलं. "साहेब, हे आता कुणाला दाखवणार?"

"त्या पोरीला. आणखी कुणाला?" म्हणत तो पुढच्या लाइनकडे गेलासुद्धा.

तुफान उठली आणि तिने फळ्यावरचा आकडा तळहाताने पुसून टाकला. जावेकडे बोट दाखवत ती सुपरवायझरला म्हणाली, "हे माझ्या एकटीचे हात आहेत, लाइनचे नाहीत. हिला काढलंस तर मीही फाटकाबाहेर. मग तूच बस मशीनवर आणि काढ चौतीस!"

सुपरवायझर चरफडला. तुफान गेली तर ऑर्डर वेळेत निघायची नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याने पंचेचाळीस लिहिलं. "याच्या वर एक सेकंद नाही."

जावेचे डोळे भरले. "मला नाही जमायचं हो."

"तुझ्या दर चार कॉलरींतली एक इकडे टाक."

"आणि तुमच्या?"

"टाक म्हणते ना! बोलण्यात वेळ चाललाय."