नातेवाइकांचा रकाना कोरा सोडा

तिथं कार्ड चालत नाही.

धाकटीला निळा रंग आवडायचा. आता माहीत नाही.

डॉलरच्या नोटांना घडी नको, शाईचा ठिपका नको. मी बँकेतून नऊ नोटा बदलून आणल्या. कॅशियर म्हणाला, "मावशी, नोटा आहेत, लग्नाच्या पत्रिका नाहीत."

फोनमधले वर्दीवाल्यांचे फोटो पुसा.

दादा म्हणतो, जाऊ नकोस.

माझी धाकटी बहीण ज्या देशात राहते तिथं पर्यटकांना सोडतात, नातेवाइकांना सहसा नाही. बावीस वर्षं मी तिला पाहिलेलं नाही.

एजंट म्हणाला, "फॉर्मवर पर्यटन लिहायचं. नातेवाइकांचा रकाना कोरा. सगळे सोडतात."

"मग भेटायचं कसं?"

"बाजारात. शेजारी उभं राहून भाजी घ्यायची, ओळख दाखवायची नाही."

"बावीस वर्षांनी भाजी?"

धाकटीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "ताई, माझं नाव लिही. भाजीवाल्यासमोर अनोळखी व्हायला मी यायची नाही."

दादाची युक्ती निराळी. "पैसे परकराच्या दुमडीत शिवून टाक. दाखवलेस तर निम्मे काढून घेतील."

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय. अशी तुरपाई घातली असती की ब्रह्मदेवालाही टाका सापडला नसता.

"नाही शिवत. माझ्याच पैशाला चोरासारखं का वागवू?"

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे. बावीस वर्षं जाग्यावर होतं, काय मिळालं?"

तिथल्या विमानतळावर मी सगळ्या नोटा काउंटरवर मांडल्या. वर्दीतल्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं फॉर्म वाचला.

"इथं बहीण लिहिलंय."

"सख्खी."

"हे कोणी लिहीत नाही."

"रकाना तुम्हीच ठेवलाय."

"खोडा, बाई. पर्यटन लिहा. नाहीतर याच विमानानं परत पाठवावं लागेल." त्यानं आवाज खाली आणला होता. पेन माझ्याकडे सरकवलं.

मी पेन घेतलं आणि बहिणीच्या नावाखाली तिचा पत्ता लिहिला. मजल्यासकट.

तो फॉर्म घेऊन आत साहेबांकडे गेला. मी बाकावर बसले. शेजारची माणसं दोन हात लांब सरकली, तेव्हा मी पिशवी बाजूला ठेवून पाय ऐसपैस पसरले. आतून आरडाओरडा ऐकू आला. दार उघडलं. साहेब स्वतः माझ्याकडे चालत येत होते, हातात माझा फॉर्म.

मी उठले नाही.

धाकटीकडे मी नऊ दिवस राहिले.