चेन बाहेरून

ही चूक दुकानात कळली तर सगळे पोट धरधरून हसतील, म्हणून तिथे मी तोंड उघडलेलं नाही. इथे सांगते.

मी बॅगा दुरुस्त करते. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, आणि मोसमात डोंगरात जाणाऱ्यांचे तंबू. वीस वर्षं झाली. आमच्याकडे येणारे निम्मे तंबू आतून फाडलेले असतात. चेन अडकते, आतला माणूस घाबरतो आणि सरळ चाकू चालवतो. असं गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ आवरत नाही. "दोन मिनिटं धीर धरला असता तर राहतं घर फाडावं लागलं नसतं," असं एका चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थांना मी तोंडावर सुनावलं होतं. मालक म्हणाले, बाई, तुम्ही शिवा, बोलायचं आम्ही बघतो.

आणि आता मीच निघाले होते. तीस दिवसांची पायवाट, रोज पंधरा-सोळा किलोमीटर, सगळा संसार पाठीवर. परवाना शनिवारचा होता. शनिवारी पहिल्या चौकीवर शिक्का पडला नाही तर परवाना रद्द, आणि पुढचा नंबर लागायला दोन वर्षं.

तंबू एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला होता तो परत नेलाच नाही. वर्षभर वाट पाहून मालकांनी तो मला देऊन टाकला. पिवळा, एका माणसाचा, चेन मोडलेली. ती मी स्वतः बदलली. बॅग अकरा किलोच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवून दुकानातला वजनकाटाच घरी आणला होता. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला, टॉवेल फाडून चौथा हिस्सा घेतला, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरल्या. नणंद फोनवर म्हणाली, वहिनी, नखंसुद्धा कापून जा, तेवढंच वजन कमी.

अडचण एकच होती, आणि ती आतल्या खोलीत पलंगावर पडून होती.

सासूबाई दहा महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, आजी, आता तुम्ही पळाल. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी तिला घरात घेतलं नाही. "पाय ऐकत नाही" हे त्यांचं पालुपद सुरू झालं ते झालंच. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, बाथरूमला नेणं, सगळं माझ्या खांद्यावर, आणि उजवा खांदा तर पार कामातून गेला. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर उरलो आम्ही दोघी, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

नणंद महिनाभर येऊन राहायला तयार होती, पण तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. तिने साफ सांगितलं, "आई स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत गेली तर मी राहते. उचलणं मला जमायचं नाही." शुक्रवारी ती स्वतः येऊन बघणार होती. त्यावर माझं जाणं अडलं होतं.

बुधवारी दुकानाला सुट्टी. दुपारी मी सोफा भिंतीला लावला आणि पुढच्या खोलीत तंबू उभा केला. दूध मंद आचेवर ठेवलं, शेजारी फोन चार्जिंगला लावला, आणि भरलेल्या बॅगेसकट मला त्यात झोपता येतं का ते बघायला आत शिरले. फटीतून हात बाहेर काढून चेनची ओढायची पट्टी ओढत आणली, शेवटचं चार बोटं अंतर आतून अंगठ्याने रेटलं. चेन झकास बसली. आडवी झाले. पाय पसरता येत होते, बॅगही मावत होती. उठले, चेन उघडायला हात नेला, तर धरायला पट्टीच नाही.

बॅगेच्या चेनला पट्टी बाहेरूनच असते. बॅगेच्या आत कोण बसतं? वीस वर्षांच्या सवयीने मी तंबूलाही बॅगेचाच रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, लावला होता, तोही लॉकचा, जो पट्टी उचलल्याशिवाय मागे सरकत नाही. बंद करताना हात बाहेर काढावा लागला, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नखांनी खटपट केली. दोन नखं तुटली, रनर तसूभर हलला नाही. तळही शिवलेला, त्यामुळे खालून निघायची सोय नव्हती.

"आई," मी हाक मारली. "मी अडकलेय."

"कुठे?" आतून आवाज आला.

"तंबूत. पट्टी बाहेर राहिली. जरा येऊन ओढता का?"

पलंगावरूनच उत्तर आलं, "इथेच अडकलीस, मग डोंगरात काय करणार आहेस?"

लागलं मला ते, पण गिळलं. "अकरा पावलं आहेत, आई. भिंत धरून या हळूहळू."

"पाय ऐकत नाही गं."

"गॅसवर दूध आहे."

"मग लवकर बाहेर ये," त्या म्हणाल्या.

आत उकडायला लागलं होतं. कापड तोंडाजवळ यायचं, श्वास सोडला की ओलं व्हायचं. मान ताठ करून बसताही येत नव्हतं. दहा महिने ज्या घरात मी कोंडून होते तेच घर आता आवळून अंगाला चिकटलंय असं वाटलं. रडू आलं, पण रडले तर आणखी उकडेल म्हणून तेही थांबवलं. खाली जिन्यावर कोणीतरी बोलत गेलं, मी ओरडले, ते पुढे निघून गेले. आणि मग दुधाचा वास आला, करपण्याच्या जरा अलीकडचा.

पलंग करकरला.

चपला वाजल्या. काठी नाही, फरफट नाही, थांबणं नाही. माझ्या अगदी हाताच्या अंतरावरून एक सावली पिवळ्या कापडावरून सरकून स्वयंपाकघरात गेली. बटण फिरल्याचा आवाज आला. पातेलं उतरवून ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. सावली परत आली आणि तंबूसमोर थांबली. एक हात कमरेवर होता. मी श्वाससुद्धा घेतला नाही. आता वाकतील, आता पट्टी ओढतील, असं मी मनात म्हणत होते. सावली पुढे गेली. पलंग पुन्हा करकरला.

"आई," मी म्हणाले, "गॅस कोणी बंद केला?"

"संपला असेल."

"आणि पातेलं?"

आतून चादर ओढल्याची सळसळ ऐकू आली.

राग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दहा महिने रोज पहाटे उठून मी त्यांना बाथरूमला नेत होते. दुकानातून धापा टाकत घरी पोचत होते. माझ्या खांद्याला त्यांनीच तेल लावलं होतं, आणि "माझ्यामुळे बिचारीचे हाल" असं म्हणाल्याही होत्या. मी बॅगेच्या तळात हात घातला, स्वेटरमध्ये गुंडाळलेली माझी मोठी कात्री काढली आणि पिवळ्या कापडात खुपसली. वरपासून खालपर्यंत कर्रकन फाडलं. त्या शिकल्यासवरल्या गृहस्थांची आठवण झाली, मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

आतल्या खोलीत गेले. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे उघडे.

"कधीपासून चालताय?"

"तीन महिने झाले." आढेवेढे न घेता त्या म्हणाल्या. "तू दुकानात गेलीस की."

"आणि मी रोज उचलते तुम्हाला."

"हो."

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कात्री कशाला नेतेस?"

"तंबू फाडायला काढली."

"आत्ताचं नाही विचारत. सोमवारी तुझी बॅग बघितली मी. ब्रशचा दांडा कापलास, टॉवेल फाडलास, आणि अर्ध्या किलोची कात्री तळाशी लपवून नेतेस. फिरायला निघालेलं माणूस कात्री नेत नाही. तू परत येणार नाहीस."

मी पलंगाच्या कडेला बसले. ती पायवाट जिथे संपते तिथे बंदर आहे, आणि बंदरावर होड्यांची शिडं शिवण्याचा एक कारखाना आहे. मोसमात त्यांना बेतून कापणारी माणसं लागतात. मी कोणाला बोलले नव्हते. खरं म्हणजे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, नुसती कात्री भरली होती. माझ्या हाताला बसलेली कात्री, जिला मी दुकानात मालकांनाही हात लावू देत नाही.

"लेकीकडे तीन जिने आहेत," सासूबाई म्हणाल्या. "महिना संपला आणि तू आली नाहीस की ती मला कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेवेल. तिचाही दोष नाही. पण मला भीती वाटते गं. पडून राहिले की तू जाणार नाहीस, एवढंच मला दिसत होतं."

"मला सांगायचं होतं तसं."

"तू सांगितलंस का कात्रीचं?"

त्यांनी चादर बाजूला केली, माझ्यासमोर उठल्या आणि दोन पावलं चालून माझ्या हातातून कात्री काढून घेतली. मी सोडली. ती त्यांनी उशीखाली ठेवली आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"शुक्रवारी मी तिच्यासमोर चालेन. पण ही इथे राहील."

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर मी तंबूला ठिगळ लावलं आणि दोन्हीकडे पट्टी असलेला रनर बसवला. टीप वाकडी गेली. आमच्या दुकानात अशी टीप मी खपवून घेतली नसती. शुक्रवारी सासूबाई पलंगापासून बाथरूमपर्यंत गेल्या, मध्ये दोनदा भिंतीला टेकल्या, एकदा हाय हाय केलं. नणंद डोळे पुसत म्हणाली, बघ वहिनी, तुझ्या सेवेचं फळ. मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

शनिवारी सकाळी बॅग काट्यावर ठेवली. साडेदहा किलो भरली. नणंद अंघोळीला गेली होती. सासूबाई चालत दारापर्यंत आल्या, माझ्या बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला.

"तीस दिवस चालेन मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकतिसाव्या दिवशी पुन्हा आडवी होणार, सांगून ठेवते."

होतील. माझी खात्री आहे. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. खाली पोचेपर्यंत उजवा हात सारखा रिकामा रिकामा वाटत होता.