चुन्याच्या रेघेपलीकडची म्हैस

“सर, आभाळात म्हैस हरवली तर कशी शोधायची?”

शेजारी बसणाऱ्या मोनिकाने पैज लावली, म्हणून मी भरवर्गात हे विचारलं. शाळेत व्याख्यानाला आलेले पाहुणे सर पुण्याचे. लाखो ताऱ्यांतून हवा तो तारा झटक्यात शोधणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता आणि कुणीही उघडून दुरुस्त करावा म्हणून फुकट वाटला होता. ते हसले नाहीत. म्हणाले, “आभाळाचे चौकोन पाडायचे. म्हैस जिथं असायला हवी तेवढाच चौकोन बघायचा.”

झालं! मी स्वतःला शास्त्रज्ञच समजायला लागले.

पुढच्याच आठवड्यात घोडेगावच्या गुरांच्या बाजारात विकायला नेलेली आमची म्हैस दावं तोडून पळाली. बाजारात प्रत्येकाच्या जनावरांसाठी चुन्याने चौकोन आखलेले असतात. मी आप्पांना अडवलं, “सगळा बाजार कशाला हिंडता? आपलाच चौकोन बघू.” तासभर तेवढाच चौकोन पिंजून मी जाहीर केलं, “म्हैस चोरीला गेली.” आई रडायला लागली. आप्पांनी रेघेपलीकडे दोन पावलं टाकली आणि म्हशीचं शिंग धरलं.

“हिला तुझी रेघ दिसली न्हाई जनू!”

मी सरांना सगळं पत्रात कळवलं. उत्तर आलं, ‘रेघेजवळचे तारे माझाही प्रोग्रॅम गाळत होता. आता तो शेजारचे चौकोनही बघतो. चुकांच्या यादीत तुझं नाव घातलंय. यादी जगभर जाते.’

मोनिका पोट धरून हसली. मी मात्र पत्र घेऊन तडक घरी गेले.

“आई, आप्पा, तुम्ही ठरवलेलं डी.एड. करून बाई व्हायचं राहू द्या. दहावीनंतर मी नगरला सायन्स घेणार. चूक जगभर गेलीय, आता दुरुस्ती मलाच शिकायला हवी.”