इगर्जीतली करंदी

"अर्धी सुकलेली करंदी गोळा करू नाय, बाय. ढिगात ती तापते, मंग किडं पडतात."

कोळीवाडीतल्या हिराबाईनं हे सांगितलं तेव्हा सुगंधाचं निम्मं लक्ष कडेवरच्या बाळाकडे होतं. त्याचे कान लाल झाले होते, आणि ही तापाची सुरुवात की नुसतं ऊन, ते तिला ठरवता येत नव्हतं. "एका सकाळचा तर प्रश्न आहे, मावशी," ती म्हणाली. "मडम येऊन गेली की पुन्हा पसरा."

मडम म्हणजे मिसेस थॉर्न. सुगंधाचा नवरा वामन तारापूरच्या बांधकामावर नकाशे काढायच्या कामाला होता आणि थॉर्नसाहेब त्याच्या वरचे. मडमचे वडील इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या खेड्यात पाद्री होते. सुगंधा बी. ए. झालेली, इंग्रजी बोलणारी, म्हणून मडम तिच्याकडे चहाला यायची आणि त्या खेड्याचंच बोलत बसायची. चर्चपेक्षाही जुनं असलेलं दारातलं झाड, अंगणात गावाच्या साऱ्या पिढ्यांची थडगी, रविवारी घंटेचे दोर ओढायला येणारे खाटीक आणि सुतार. कोंबडीभोवती पिल्लं बसावीत तसं सगळं गाव त्या चर्चला बिलगून बसलंय, असं ती सांगायची, आणि मग चहा निवून जायचा.

नवापूरच्या पुढे, किनाऱ्यालगत, फिरंग्यांच्या वेळची एक इगर्ज, त्यांचं जुनं चर्च, पडून होती. छप्पर कधीच गेलेलं. एक कमान आणि दगडी फरशी तेवढी शाबूत. वाडीतल्या बायका त्या फरशीवर करंदीसारखी बारीक मासळी वाळवत, कारण दगड तापतो आणि मासळीला वाळू लागत नाही. पसरायच्या आधी पहिली मूठ समोरच्या चौथऱ्यावर ठेवायची, हा त्यांचा रिवाज. कुणासाठी, असं सुगंधानं एकदा विचारलं होतं. "ज्याचं घर हाय त्याला," हिराबाई म्हणाली होती.

मडमला ती इगर्ज बघायची आहे असं वामननं सांगितलं, आणि सुगंधाच्या मनात सगळ्यात आधी आला तो वास. त्यांच्या देवाच्या घरात हे असलं पसरलेलं पाहून बाई काय म्हणेल? आपल्याबद्दल काय म्हणेल? ती सकाळीच वाडीत गेली आणि फरशी मोकळी करायला सांगून आली.

हिराबाईला नाही म्हणता आलं नाही. तिच्या मुलाचं, जानूचं नाव रखवालदाराच्या जागेसाठी लागायचं होतं, आणि वामन शब्द टाकणार होता. होड्या वर ओढायची वेळ आली होती, ही शेवटची मासळी. पावसाळाभर घर याच करंदीवर चालायचं, आणि म्हणूनच जानूच्या बायकोला, मंगळीला, तान्ह्या पोरीला घेऊन घरी बसता येणार होतं. मंगळीनंच पाटीत भरभरून करंदी उचलली, भिंतीमागे ढीग केला, वर झावळ्या आणि गोणपाट टाकलं. चौथऱ्यावरची मूठही उचलली. मग बायकांनी फरशी धुऊन काढली.

त्या दिवशी जीप आलीच नाही. साहेबांना काम निघालं, उद्या नक्की, असा निरोप वामनकडून आला. करंदी पुन्हा पसरू का, म्हणून मंगळी विचारायला आली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. सुगंधाच्या मनात आलं, उद्या पुन्हा उचलायची, पुन्हा धुवायचं, आणि वास काही पुरता जायचा नाही. "राहू दे एक दिवस," ती म्हणाली. "झाकलेली आहे ना?"

मंगळी पोरीला सावरत परत गेली.

दुसऱ्या दिवशी मडम आली. कमानीवरून हात फिरवला, चौथऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मग वळून तिनं विचारलं की मासे कुठे आहेत.

सुगंधाला प्रश्नच कळेना. मडम सांगू लागली. वामननं साहेबांना सांगितलं होतं की इथल्या बायका चर्चमध्ये मासळी वाळवतात, म्हणून तर ती आली होती. तिच्या गावात शरद ऋतूत देवाचे आभार मानायचा एक रविवार असे. शेतकरी पाव आणि भोपळे आणत, कोळी जाळी आणून खांबांना टांगत, ताज्या मासळीच्या टोपल्या वेदीपाशी मांडत. आठवडाभर चर्चला मासळीचा वास यायचा आणि तिचे वडील त्या वासात उभे राहून प्रार्थना म्हणायचे. इथं, इतक्या लांब, तोच वास मिळेल असं तिला वाटलं होतं.

"काय म्हनते मडम?" हिराबाईनं विचारलं. ती नवं लुगडं नेसून आली होती.

"छान आहे म्हणते. स्वच्छ आहे म्हणते."

हिराबाई हसली. एवढ्यात वारा फिरला आणि भिंतीमागून वास आला, पण वाळत्या मासळीचा नव्हे. मडम त्या वासामागे गेली आणि तिनं काठीनं गोणपाट उचललं. ढीग काळपट झाला होता, वाफाळत होता आणि आतून हलत होता. मडमनं हे कसं झालं म्हणून विचारलं.

सुगंधानं इंग्रजीत उत्तर दिलं. वाक्य तिच्या तोंडून अगदी बिनचूक आलं. या लोकांना काळजी घेणं कळत नाही, असं ते वाक्य होतं. हिराबाई तिच्या तोंडाकडे बघत, प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती. जानूसाठीच बाय बोलतेय, असं तिला वाटत होतं. मंगळी ढिगापाशी उकिडवी बसून वरची करंदी चाचपत होती, काही वाचतंय का ते बघत.

वाचलं काहीच नाही. ते सगळं खाडीत टाकलं. त्या घरातलं कुणी सुगंधाला बोललं नाही. बोललं असतं तर ती रडली असती, आणि रडून मोकळी झाली असती. वामननं शब्द टाकला तो उशिरा. जागा दुसऱ्याला गेली.

पावसात सुगंधा बाळाला लस टोचून आणायला बोईसरला गेली, तेव्हा रस्त्याच्या कडेला बांधकामावर बायका डोक्यावरून खडी वाहत होत्या. त्यांत मंगळी होती. पत्र्याच्या आडोशाला लाकडाच्या खोक्यात तिची पोर निजली होती आणि पत्र्यावरच्या पाण्याची धार खोक्याच्या कडेवर पडत होती. मंगळीनं सुगंधाला पाहिलं आणि घमेलं सावरत ओळखीचं हसली. सुगंधानं आपल्या बाळाच्या डोक्यावर छत्री आणखी खाली ओढली आणि चालती झाली.

तेव्हापासून ती त्या रस्त्यानं जात नाही. मडमकडे जाऊन ते वाक्य मागे घ्यावं, वाडीत जाऊन हिराबाईपुढे बसावं, असं रोज ठरवते आणि रोज बाळाची सर्दी आडवी येते. तुमचं बोईसरला जाणं झालं, तर एवढं करा. नवापूरची मंगळी कोणत्या कामावर आहे ते विचारा. तिच्याशी बोला, नाही बोललात तरी चालेल. पण पत्र्याखालचं खोकं तेवढं बघा. पोरीच्या अंगाखालचं कापड कोरडं आहे ना, हात लावून बघा.