मानेवरची गोचीड

गोचिड्या मोजणं हे माझं काम. लग्न जुळवायला आलेल्या पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही, पण आहे. पांढरं कापड काठीला बांधून झाडीतल्या गवतावरून ओढत न्यायचं. गोचिड्यांना वाटतं जनावर आलं, त्या चिकटतात आणि आपण मोजायच्या.

शाळेमागच्या झाडीत मी गोचिड्यांना मारणारी बुरशी पाण्यात कालवून फवारली होती, पालापाचोळा उचलून घेतला होता. सगळं सौम्य. शाळा समितीच्या अध्यक्षांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "दहाच्या वर निघाल्या, तर जालीम विष मारणार," त्यांनी बजावलं होतं. झाडीला लागूनच माझ्या दादाच्या मधमाश्यांच्या पेट्या. जालीम विषाला गोचीड काय नि मधमाशी काय, सारखीच.

मोजणीच्या दिवशी कापडावर एकही निघाली नाही. अध्यक्षांनी अभिनंदन केलं. दादाने नाक पुसलं, म्हणजे त्याला भरून आलं होतं. मी कापड नाकाशी धरलं. निलगिरीच्या तेलाचा भपकारा आला.

मोजणी बघायला आलेल्या वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "मीच धुतलं. किती कळकट होतं ते! शेवटच्या पाण्यात निलगिरी टाकली. गोचिड्या जवळ फिरकत नाहीत."

मी अध्यक्षांना सांगितलं, मोजणी रद्द.

दादाने घरातून मधमाश्या हाताळताना घालायला शिवून घेतलेला कोरा पांढरा पोशाख आणला. मी काठीला बांधू म्हणेपर्यंत तो अंगात चढवून झाडीत शिरलाही. आमच्या घरात ऐकून घ्यायची पद्धत नाही.

परत येऊन हात पसरून उभा राहिला. मी चिमट्याने एकेक काढून बाटलीत टाकली. दहा. अध्यक्षांनी नाइलाजाने मान डोलावली. मला हुश्श झालं, मी बाटलीला झाकण लावलं.

"मानेवर एक आहे," दादा म्हणाला.

"नियम कापडाचा आहे. माणसावरची धरत नाहीत."

"शाळेतली पोरं काय कापडाची आहेत?"

मी झाकण उघडलं. चिमटा दोनदा सटकला. अकरावी बाटलीत पडली.

फवारणी परवा, एवढं सांगून अध्यक्ष गेले. अंधार पडल्यावर दादाने पेट्यांची दारं जाळीने बंद केली. कुठे न्यायच्या, ते त्यालाही माहीत नव्हतं. मला मधमाश्या आवडत नाहीत, त्यांनाही मी आवडत नाही. मी पहिल्या पेटीची दुसरी बाजू उचलली.