अंड्यावर आलेला आळ

लंडनच्या त्या प्रयोगशाळेत जंतू मारायचं काम माझं, एडना थ्रेलचं. हसू नका! न्यूमोनियाच्या जंतूंची नळी साठ अंशांच्या पाण्यात तीन तास धरायची, की ते मरतात. नऊ वर्षं मारत होते, एकही निसटला नव्हता.

आमचे डॉक्टर ऑस्करबी हुशार, पण डोकं कायम तापलेलं. त्यांनी एका उंदराला दोन तऱ्हेचे जंतू एकत्र टोचले. एक जिवंत, पण उघडेबंब, कुणाचं काही न बिघडवणारे. दुसरे अंगावर जाड कोट असलेले, जीवघेणे, पण मी मारलेले. उंदीर ठणठणीत राहायला हवा होता. बुधवारी सकाळी बघतो तर मेलेला, आणि रक्तात कोटवाल्यांची नुसती जत्रा!

डॉक्टर तडक माझ्या खोलीत आले. नेमकं तेव्हाच नळ्यांशेजारी, त्याच गरम पाण्यात, माझं दुपारच्या जेवणाचं अंडं बसलं होतं.

"हे काय, मिसेस थ्रेल?"

"अंडं, डॉक्टर."

"दिसतंय मला! त्या दिवशीही असंच थंडगार अंडं टाकलंत, पाणी निवलं, जंतू जगले आणि माझा उंदीर मेला! शुक्रवारी तुमचा हिशेब करतो. दुसरी नोकरी बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तुमची दुधाची बाटली कोण गरम करतं हो याच पाण्यात? पारा पुन्हा साठावर चढल्याशिवाय मी घड्याळ सुरूच करत नाही. खोटं वाटतंय? मग स्वतः बसा. अंड्याशिवाय. चहाशिवाय!"

बसले की! तीन तास पाऱ्याकडे डोळे लावून. चहाविना चेहरा असा उतरला, की मला थोडी दयाच आली.

मग तीन उंदीर घेतले. पहिल्याला नुसते डॉक्टरांनी मारलेले कोटवाले टोचले, दुसऱ्याला नुसते उघडेबंब, तिसऱ्याला दोन्ही. माझी सगळी मदार पहिल्यावर. तो मेला, तर माझी मारायची रीतच खोटी आणि मी घरी. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

शुक्रवारी सकाळी जीव मुठीत धरून पिंजऱ्यापाशी गेले. पहिला ओट्स कुरतडत होता, गुलाम! दुसराही मजेत. तिसरा मात्र मेलेला.

डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग किंचाळले, "कोट! अहो, यांच्या अंगावर कोट आहेत!"

"पण कोटवाले तर मेले होते. तुम्हीच मारलेत."

"तेच तर! मेलेल्यांकडून उघड्यांनी काहीतरी घेतलं!" आणि त्या तापट माणसाने माझे दोन्ही हात धरून मला टेबलाभोवती गरागरा फिरवलं. मी हसतही होते आणि रडतही.

त्यांनी ते जंतू वाढवले. सोमवारी कळलं, त्यांची पिल्लंसुद्धा कोट घालूनच जन्मत होती. म्हणजे नुसता कोट नव्हे, कोट शिवायची विद्याच मिळाली होती त्यांना. ती विद्या कशात असते, ते तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पण नवं कोडं मिळाल्याचा त्यांना कोण आनंद!

दुपारी ते माझ्या खोलीत आले. कान लाल. हातात एक नवंकोरं छोटं पातेलं आणि दोन अंडी.

"अंडी यात उकडायची, मिसेस थ्रेल. एक माझं." दाराशी थबकले. "आणि जंतू तुम्हीच मारायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."